माझ्या नावाचं तेल

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. साष्टांग लिहायला या वेळी हात धजत नाही.

माझं बरं चाललं आहे. नोकरी पक्की झाली, खोलीत ऊनही येतं. आईला सांगा, वेळेवर जेवते.

धाकटीने फोनवर सगळं सांगितलं. शेजारच्या काकूंच्या नातीचा कान वाहत होता आणि तुम्ही त्यात लसणीचं कोमट तेल सोडायला सांगितलंत. काकू बिचकल्या, तर म्हणालात, "अहो, माझी पोरगी ग्रॅज्युएट आहे. तिनेच सांगितलंय!" मग काकूंनी तेल सोडलं.

मी कधी सांगितलं? मी अर्थशास्त्र शिकले, बाबा. घसा धरला तर मिठाच्या गुळण्या सांगा, नाक चोंदलं तर वाफ सांगा. पण वाहत्या कानात तेल? स्वतःचा गुडघा दुखला तेव्हा बरा तडक दवाखाना गाठलात!

माझी पदवी तुम्ही दुकानात टांगलीत तेव्हा मला रडू आलं होतं. ती लोकांची तोंडं बंद करायला वापराल, असं वाटलं नव्हतं. मी शिकले ते लोकांनी आपल्याला बेधडक प्रश्न विचारावेत म्हणून.

काकूंना मी कालच फोन केला. "बाबा खोटं बोलले," असं सरळ सांगितलं. त्या पोरीला घेऊन डॉक्टरकडे गेल्या. कानाचा पडदा शाबूत आहे की नाही, ते अजून कळलेलं नाही.

गल्लीत मान खाली गेली म्हणून माझ्यावर खुशाल चिडा, धाकटीवर नको. पण आधी काकूंच्या दारात जाऊन माफी मागा. तोवर मला फोन करू नका.

गुडघ्याची गोळी चुकवू नका.

तुमची,
थोरली