चांद्याला बधिया करण्याचा माझा प्रोग्राम

३ जुलै, सकाळ
उठल्याबरोबर सगळ्यांची चौकशी केली. तांबू गाय कशी आहे? बरी. म्हातारा बैल हरण्या? खोकला कमी. बायको शकुंतला? गुडघा दुखतो, जीभ ठणठणीत. मी? फर्स्टक्लास. चांद्या गोऱ्हा अडीच वर्षांचा झाला. त्याची तब्येत जरुरीपेक्षा जास्त चांगली. काल कुंपण तोडून शेजारच्या गुणवंताच्या कालवडीमागे कपाशीतून पळाला. गुणवंता म्हणे, "बापूजी, याले बधिया करा, नाही त बाजार दाखवा." नागपूरहून आमच्या पोराचा, प्रवीणचाही फोन: पोळ्यापर्यंत जुवाखाली आला नाही तर विकून टाकू.

लेकरासारखं वाढवलेलं जनावर. विकायचं नाव नाही. ठरलं, खच्चीच करायचं, परवा डॉक्टर. आजवर घरचे चाळीस गोऱ्हे माझ्या देखरेखीत बधिया झाले. शकुंतला म्हणते, चाळीसही वेळा तुम्ही वावरात पळाले होते. देखरेख लांबूनही होते.

५ जुलै
सुप्रिया मॅडम आल्या, जनावरांच्या डॉक्टर. चिमटा दाखवला. मोठा आहे. मी म्हटलं, पावसाळा, जखमेवर माश्या बसतील. त्या म्हणाल्या, काका, कापतच नाही, वरून नस दाबतो, सुन्न करायचं इंजेक्शनही देतो. मग मी अमावस्या काढली. शकुंतलेने कॅलेंडर काढलं.
तरी तारीख पुढे ढकलली. घाबरून नाही. प्लॅनिंग.

१२ जुलै, सकाळी ६
आज पक्कं. फक्त मी घरी नसेन. तिगावला काम आहे. कोणतं, ते तिथे गेल्यावर पाहीन. निघताना चांद्याच्या कानात सांगितलं: जे होईल ते शकुंतलेचं, माझा हात नाही.

दुपारी
तिगाव स्टेशनवर दुसरा चहा, तोच फोन. चांद्या कोणाला जवळ येऊ देत नाही, गुणवंताला शेणात लोळवलं. मॅडम निघून राहिल्या. शकुंतला म्हणाली, "या बुवा लवकर. तुमच्याशिवाय तो कोनाचं आयकते? नाही त उद्याच बाजाराची गाडी बोलावते."
जातो. लेकरासाठी जातो.

संध्याकाळी
झोपून लिहून राहिलो. चांद्याचं डोकं मी छातीशी धरलं. डोळे मिटले, ते एकाग्रतेसाठी. चिमटा दाबला. कोणीतरी "मेलो वो माय" म्हणून बोंबललं. चांद्या नव्हता. तो माझं तोंड चाटत होता. मॅडमनी पाणी आधी मला पाजलं.
काम फत्ते.

१३ जुलै
प्रवीणला मेसेज पाठवला, तो इथे उतरवून ठेवतो:
"चांद्या बधिया झाला, चारा खाऊन राहिला. डोकं मी स्वतः धरलं होतं. गुणवंताने व्हिडिओ काढला, तो म्हणे पांढुर्ण्यापर्यंत पोचला. त्यात जो आडवा पडला आहे तो चांद्या समजावा. त्याला टोपी कोणी घातली, ते विचारू नये. विकणं कॅन्सल, एवढं दोन ओळींत लिही. पण लवकर लिही बेटा, मी अजून उठलो नाही."