रिकामा टाक

अप्पा, आज दुकानात एक गिऱ्हाईक आलं. बिजवर, लगीन चार दिवसांवर. तांब्याची घागर घेतली आणि जाता जाता विचारलं, "शेठ, सवतीचा टाक करायचाय, चांदी कुठली बरी?" गिऱ्हाइकाला मी तोडून बोलत नाही, भालकीच्या बाजारात माझं दुकान जिभेच्या गोडव्यावरच उभं राहिलंय. पण त्याला म्हणालो, "चांदी कुठलीबी घे बाबा, आत कोण येऊन बसल ते तुझ्या हातात न्हाई." त्याला ती थट्टा वाटली, हसत हसत गेला. मला मात्र दिवसभर हिशेब सुचला नाही. घरी येऊन हे लिहायला बसलो.

पहिली बायको गेली की तिची मूर्त चांदीच्या पत्र्यावर ठोकून दुसरीच्या गळ्यात घालायची, म्हणजे गेलेली नव्या संसाराला त्रास देत नाही. आपल्याकडची रीतच ती. माय बाळंतपणात गेली, पोटातल्या लेकीसकट, आणि वर्षाच्या आत तुम्ही धाकटीला आणलंत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. घरात भाकरी थापायला कुणी तरी लागतं, आणि ती बिचारी मला कधी उपाशी निजवायची नाही. पण ती तापानं फणफणली, उतार पडेना, तेव्हा देवऋषी म्हणाला, "टाक रिकामा हाय. थोरली त्यात बसलीच न्हाई. तिला सुरंगबावडीतनं आणावं लागल. नवऱ्यानं जावं, न्हाई तर पोटच्या पोरानं." नवऱ्यानं जावं, हे त्यानं आधी म्हटलं होतं, अप्पा. माझे कान तेव्हाही तिखट होते. तुम्ही मान खाली घातलीत, आणि वर केलीत तेव्हा माझ्याकडं बघत होता.

गावाबाहेरची ती सुरंगबावडी म्हणजे जमिनीच्या पोटातून पाणी आणणारा जुना बोगदा, मध्ये मध्ये वर उघडणारी हवेची भोकं. गेलेली माणसं तिथं उतरतात हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अमावस्येच्या भर दुपारी तुम्ही मला तिच्या तोंडाशी उभं केलंत, टाक मुठीत दाबलात आणि बजावलंत, "मागं वळायचं न्हाई. नावानं हाक आली तर ओ द्यायची न्हाई. पोटच्या पोराला काय होत न्हाई." मी नऊ वर्षांचा होतो. तुमचे पाय कोरडे होते. पाण्याला अंगठासुद्धा लावला नाहीत तुम्ही.

पाणी गुडघ्याला लागतंय. पहिल्या भोकाखाली उजेडाचं वाटोळं पडलंय आणि त्यात एक मेलेला चपराशी पाण्यावर अधांतरी बसलाय. छातीवर पितळी बिल्ला, कमरेखाली काहीच नाही. "किधर कू जारा रे? हुकूम है क्या?" निजामाच्या राज्यात मेल्यावरही कागद लागतो, हे मला तिथं कळलं. मी म्हणतो, अप्पांनी पाठवलंय. तो खदखदा हसतो. "मेरे कू पाँव नै. तेरे बाप कू भी नै क्या?" आणि बाजूला सरकतो. पुढच्या उजेडात बाया जातं ओढतायत. जात्यात दाणा नाही, तरी पीठ सांडतंय, पाण्यावरून पांढरं पांढरं वाहत चाललंय. "नी यार मगा?" एक म्हातारी कानडीत विचारते, कुणाचा रे तू? मी मायचं नाव सांगतो. "बापाचं न्हाई सांगितलं," दुसरी म्हणते, "शहाणा हाय. जाऊ द्या त्याला."

मग मागून हाक आली, माझ्या नावानं, तुमच्या आवाजात. "बाळा, परत ये रे. अंधार हाय तिकडं. तू थांब, मी जातो." आवाज हुबेहूब होता, शेवटची खाकरसुद्धा. कुठलाही पोरगा फसला असता. मी ओळखलं. अप्पा, तुम्ही असं कधी म्हणाला नसता, म्हणून ओळखलं. ओ दिली नाही, वळलो नाही, पण तिथून पुढं मी पोर राहिलो नाही एवढं खरं. रडू आलं होतं ते गिळलं आणि पाय उचलला.

मायला मी कानानंच शोधलं. घागर भरायच्या आधी ती बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. तो टणत्कार काळोखात ऐकू आला. काखेत लेक होती, रांगायच्या वयाची. मेलेली पोरंही तिथं वाढतात. मी टाक पुढं केला. मायनं तो हातातसुद्धा घेतला नाही. "तिच्या गळ्यात मी कामून लटकू? तिला करू दे की तिचा संसार. ताप हाय, उतरल." मग माझ्या मागं बघितलं, अंधारात, बराच वेळ. "ते न्हाई आले व्हय?"

न्हाई म्हणालो. इथंच राहतो, असंही म्हणालो. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, हात गार होता. "तुझी भाकर वर हाय, बाबा. जा. आणि त्यांना सांग, मी रागावले न्हाई. भ्यायचं काय कारण न्हाई म्हणावं."

बाहेर आलो तेव्हा ओठ निळे पडले होते. तुम्ही आधी माझी मूठ उघडलीत. टाक उलटसुलट करून बघितलात, मग विचारलंत, "आली का?" मी काय खाल्लं, कोण भेटलं, भ्यालो का, एक शब्द नाही. "आली," मी म्हणालो. धाकटीचा ताप उतरला, मायनं सांगितल्यासारखा. आणि तुम्ही जन्मभर दर दिवाळीला त्या रिकाम्या चांदीला हळदकुंकू लावून हात जोडत राहिलात, घाबरत घाबरत. मी कोपऱ्यातून बघायचो. मायचा निरोप जिभेवर यायचा आणि मी तो गिळायचो. ती रागावली नव्हती, अप्पा. म्हणून कुणी तरी रागवायला पाहिजे होतं.

पुढं मिसरूड फुटायच्या आत घर सोडलं, भालकीला भांडी घासत घासत दुकानाचा मालक झालो. घागर वाजवून तिची चीर सांगतो म्हणून लोक लांबून येतात. तुम्ही गेलात तेव्हा खांदा दिला, डोळ्यांत पाणी आलं नाही. हा कागद सुरंगबावडीच्या भोकातून खाली सोडावा, असं मनात होतं. सोडणार नाही. तुम्ही आता तिथंच असणार, आणि मायनं तिचा निरोप तुम्हाला तोंडानंच दिला असणार. माझा राग तेवढा माझ्याजवळ राहू द्या.

पण गावाकडं गेलो की मी त्या भोकाशी वाकून कान लावतो, अजूनही. बायकोला सांगतो, मायची घागर ऐकायला. ते खरं नाही. तुमच्या आवाजातली ती हाक पुन्हा येते का, ते ऐकत असतो. खोटी होती, ठाऊक आहे.