निळा टिपका

४ नोव्हेंबर, मंगळवार
गाडी आली! नाव तेच, पण ह्यांच्या जुन्या गाडीचं काही म्हणजे काही ठेवलेलं न्हाय. नाक बसकं, डोळे बारीक. मागं ऐसपैस जागा — बसायला आहे कोण? बाजूच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी पट्टा लावा म्हणून कोकलते. सिग्नलला आपणहून बंद पडते, क्लच दाबला की सुरू. पेट्रोल वाचतं म्हणे. श्रेयसनं घेऊन दिली. बेंगळूरहून म्हणाला, "आई, आता गाडीवरनं तू कुठं आहेस ते मला फोनवर दिसणार. निळा टिपका!" लेकाला काळजी आहे. बरं वाटलं.

९ नोव्हेंबर, रविवार
श्रेयसचा रविवारचा फोन आला न्हाय. कामात असेल.

१६ नोव्हेंबर, रविवार
आजही न्हाय.

१९ नोव्हेंबर
लिटरला पंचवीस देते ही बया! जुनीला सारखं पंपावर न्यावं लागायचं. तिथला रवळू काच पुसत घरचं सगळं सांगायचा. आज किती दिवसांनी गेले. "काकू, निपाणी सोडलासा व्हय?" म्हणाला. दिवसभरात तेवढंच माणसाशी बोलणं.

२३ नोव्हेंबर, रविवार
फोन न्हाय. मीच करू? अजिबात करणार न्हाय! आई आहे मी त्याची.

२८ नोव्हेंबर
आज मुद्दाम लांब गेले. पार काकतीपर्यंत. हायवेच्या कडेला गाडी लावून बसून राहिले. श्रेयसला ठाऊक आहे — दिवस मावळायच्या आत अंथऊ, म्हणजे सांजचं जेवण, झालं न्हाय तर मी रात्रभर उपाशी. लहानपणी खेळ टाकून तोच ओरडत यायचा, "आई, ऊन गेलं, जेव की गं!" म्हटलं, टिपका बघेल, घाबरेल, फोन करेल. गाडीचे दिवे आपोआप लागले. फोन काही वाजला न्हाय. उपाशीच परत आले. वाटेत लई रडले.

३० नोव्हेंबर, रविवार
लाज सोडून मीच फोन केला. टिपका दिसतो का रं?
"दिसतो की! सकाळी उठल्यावर आधी तोच बघतो. परवा काकतीला गेलतीस न्हवं? मजा आहे बाई तुझी! टिपका हलला की कळतं, आई ठणठणीत आहे. मग फोन करायचं ध्यानातच येत न्हाय."
हसला. मीपण हसले.

१ डिसेंबर, सोमवार
बस्तीला, आमच्या जैन मंदिरात, चालत गेले. गाडी आता जागची हलवायची न्हाय. बघू, किती दिवसांनी विचारतो.