बाहीचे टाके

सोमवार, १० जून

आज छपाईच्या खोलीच्या दारातल्या खिळ्याला माझी बाही अडकली, टर्रकन फाटली आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. उपयोजित कलेच्या वर्गातला पहिलाच दिवस, मोजकी मुलं, सगळी फिदीफिदी हसली. वर्गातली एकच मुलगी हसली नाही. तिने पिशवीतून सुई काढली, शर्ट अंगावर असतानाच लाल दोऱ्याने टाके घातले आणि दोरा दातांनी तोडला. पांढऱ्या शर्टावर लाल दोरा. दुसरा नाहीये, आवडला नाही तर उसव, म्हणाली. मी म्हटलं, मेलो तरी उसवणार नाही. लंब्या म्हणून एक जण आहे, त्याने मागून विचारलं, मग शर्ट धुणार तरी आहेस का?

कॉलेज एवढंसं, पण झकास. उंच खिडक्या, टेबलांवर रंगांचे जुने थर. दादाला फोन करून सांगितलं, आता इथून हलत नाही.

गुरुवार, २० जून

स्क्रीन प्रिंटिंग सुरू झालं. लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी. चित्रापुरती मोकळी ठेवायची, बाकी बुजवायची, वरून शाई ओढायची. चौकटी थोड्या, म्हणून नियम असा की आपल्या चौकटीच्या लाकडावर खडूने खूण करायची. काम संपलं की ती आपणच पुसायची. खूण नसेल ती चौकट, ज्याची धुण्याची पाळी असेल तो धुऊन टाकतो. सर म्हणाले, कितीही घासलं तरी जाळीत जुन्या चित्राची फिकट सावली राहते. पण घाबरू नका, ती छापली जात नाही.

तिची खूण म्हणजे एक छोटासा मासा.

मंगळवार, ९ जुलै

ती आईचं चित्र करतेय. आई शिवणकाम करायची. गेली तेव्हा ही शाळेत होती, आणि घरात आईचा एक धड फोटो नाही. म्हणून कागदावर आधी न काढता, आठवेल तसं, थेट जाळीवरच ब्रशने. खुर्चीत बसलेली बाई, मान खाली, मांडीवर कोरं कापड. किती दिवस खपतेय. सरांनी विचारलं, डोळे का नाही काढलेस? ती म्हणाली, शिवताना आई वर बघायचीच नाही. तिने वर बघितलं की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय.

शुक्रवार, १२ जुलै

आज तिला विचारलं. नाही म्हणाली. शांतपणे, समजावून, चांगल्या शब्दांत. त्याचाच जास्त राग आला.

मग जेवणाच्या सुट्टीत ती आणि लंब्या एकाच डब्यातून खात हसत होते. माझ्यावरच हसत असणार. डोकं सटकलं. छपाईच्या खोलीत कुणी नव्हतं. धुण्याची पाळी लंब्याची होती. मी फक्त अंगठ्याने मासा पुसला. एवढंच. जाळीला हातसुद्धा लावला नाही.

सोमवार, १५ जुलै

लंब्याने धुतली. खूण नव्हती, आईशप्पथ नव्हती, असं सांगत फिरतोय. कुणाला पटलं नाही. सरांनी त्याला छपाईच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. ती आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. त्याला एवढंच म्हणाली, "त्यात माझी आई होती रे."

लंब्या रडला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. आता सांगावं, आता सांगावं – तोवर तास संपला.

बुधवार, १७ जुलै

तीच चौकट माझ्या वाट्याला आली. माझं चित्र साधं, किटलीची जाहिरात. पहिला छाप ओढला. किटलीमागे फिकट करडी खुर्ची. बाई. खाली घातलेली मान.

हा कागद नेऊन दिला तर तिला तिची आई परत मिळेल. निघालोसुद्धा होतो. मग नीट बघितलं. बाईच्या मांडीवर कोरं कापड नाही, शर्ट आहे. बाहीवर लाल टाके. मी लाल शाई वापरलेलीच नाही. आणि कोपऱ्यात पुसलेला मासा, त्यावर अंगठ्याच्या रेषा.

कागद गादीखाली ठेवला.

शुक्रवार, १९ जुलै

दुसऱ्या छापात बाई टाके उसवतेय. खोलीवर येऊन शर्ट बघितला. दोन टाके गेलेत.

अंगठ्यावरचा खडू निघत नाही. साबण झाला, रॉकेल झालं. हात खिशात घालून फिरतो. ती जिन्यात भेटली. बरा आहेस ना, म्हणाली, बाही उसवलेली दिसतेय, आण, परत शिवून देते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवार, २२ जुलै

लंब्या कॉलेज सोडून चालला. सगळ्यांना सोडून माझ्याशी हात मिळवला. तू एकटा मला काही बोलला नाहीस, म्हणाला. त्याच्या हाताला खडू लागला. त्याने बघितलं, पँटला पुसलं, गेला.

आता तरी –

मंगळवार, २३ जुलै

छाप फाडले. सगळे. हौदात भिजवून लगदा केला. तिची आई मी दुसऱ्यांदा –

मग एक शेवटचा ओढून बघितला. किटली आहे. खुर्ची आहे. खुर्ची रिकामी.

बुधवार, २४ जुलै

कॉलेज सोडलं. दादाला सांगितलं, जमत नाही. का, ते नाही सांगितलं.

उभ्यानेच लिहितोय. लख्ख ऊन आहे खोलीत. खुर्चीवर –

मान खालीच आहे. शर्ट माझ्या अंगात आहे आणि तिच्या मांडीवरही –

हिच्या मुलीकडे जातो, सांगून टाकतो, मीच पुसला म्हणून – नाही. तोंड नाही दाखवता येणार.

पिशवी घेतली. ही वर बघायच्या आत –

बाहेर आलो. दार लावलं. कडी घातली.

बाही ताणतेय. लाल दोरा. दाराच्या फटीतून आत गेलाय. तोडायला धरला, तर आतून कुणीतरी हळूच –