पुढच्या चाकाबाबत माझे शेवटचे म्हणणे

मी, निवृत्त मुद्रितशोधक, वय वर्षे त्र्याहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या मधल्या खोलीतल्या टेबलाशी बसून, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांनी लेखी दिले असून त्यांच्या दाखल्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मी दुरुस्त करून दिल्या आहेत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याइतके या घरात माझ्याशी कोणी बोलत नाही.

कलम १. राहते घर सामानसुमानासह माझ्या पश्चात माझ्या पत्नीचे. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, की कुलूप लावून भावाकडे राहायला जावे, हा तिचा प्रश्न. पहिल्या मसुद्यात मी एक अट घातली होती, की तिने एकदा चारचौघांत खरे काय ते सांगावे. वकील म्हणाले, "काका, असली अट कोर्टात टिकत नाही." घरातही टिकली नसती. काढून टाकली.

कलम २. माझे शब्दकोश छापखान्याला द्यावेत. तिथे आता ते कोणी उघडत नाही, पण जाडजूड आहेत. वाऱ्याने दार आपटते, त्याला लावून ठेवता येतील.

कलम ३. चाकाचा तोल पाहण्याचा माझा स्टँड (दोन उभे खांब, वर बेअरिंगे, त्यांवर ठेवायची सळई) छापखान्यातल्या बायंडरला द्यावा. त्याच्याकडे मोटरसायकल आहे आणि त्याला घाई नसते. चाक सळईवर घालून हलकेच फिरवून सोडायचे. जड बाजू आपसूक खाली येते. तिच्या बरोबर समोर, वरच्या बाजूला, वजनाची पट्टी चिकटवायची. आधी रिम घासूनपुसून घ्यायची, कळकट रिमवर पट्टी धरत नाही. चाक कुठेही सोडले तरी तिथेच थांबले, की काम झाले.

दुकानात हेच काम यंत्रावर दहा मिनिटांत होते, आणि यंत्राला माझ्यापेक्षा बारीक फरक कळतो, हे मी कधी नाकारलेले नाही. माझी रविवारची अख्खी दुपार जाई. पण चाक काढणारे आणि परत बसवणारे हात माझे असत. यंत्र काही नट आवळून देत नाही. सासरच्या मंडळींनी याचा अर्थ एवढाच लावला, की जावई कवडीचुंबक आहे.

कलम ४. माझा थोरला मेहुणा, टायरच्या दुकानाचा मालक, यास काहीही देऊ नये. मला शेवटचे पोचवायलाही त्याने येऊ नये. कारण पुढे देतो. हे मी मुलीच्या अपघाताच्या वेळी दवाखान्यात ओरडून सांगितले होते, तेव्हा कोणी ऐकले नाही. आता निदान वाचावे लागेल.

त्या रविवारी मी माझ्या मोटरसायकलचे पुढचे टायर नवे घातले, चाक तोलले आणि बसवले. आठवड्याच्या मधल्या वारी मेहुणा घरी आला. मी छापखान्यात होतो. तिथे मी बसने जात असे. खालच्या अंगणात स्टँड पाहून त्याला हसू आवरेना. पत्नीला म्हणाला, "गाडी माझ्या यंत्रावर नेऊन आणतो. त्याला सांगू नकोस. फरक ओळखतो का बघू." ती हसली. दुकानातला माणूस गाडी घेऊन गेला आणि मी यायच्या आत परत लावून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला मागे बसवून मी पोहण्याच्या तलावाकडे निघालो. ती तेव्हा शाळेत होती आणि पाण्यात कोणाला हार जात नसे. उतारावर हँडल हातात थरथरू लागले. मी वेग कमी करेपर्यंत पुढचे चाक वाकडे झाले आणि आम्ही दोघे रस्त्यावर. मला खरचटले. तिच्या पायावर गाडी पडली.

लोक रिक्षा आणायला धावले तेव्हा मी तिचे डोके मांडीवर घेऊन बसलो होतो. समोर चाक होते. एक्सलचा नट बोटाने फिरत होता. रिमवर माझ्या पट्ट्यांच्या जागी दुसऱ्याच पट्टीचा चिकट डाग उरला होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, "शंभरदा सांगितलं, दुकानात आण. घरी खेळ केला आणि पोरीचा पाय घालवला." मी पत्नीला विचारले, "गाडी दुकानात गेली होती का?" तिने भावाकडे पाहिले आणि म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही." शेजारच्या चष्मेवाल्यांनी दुकानातल्या माणसाला गाडी नेताना पाहिले होते. पण ते पडले माझे मित्र. त्यांची साक्ष कोण धरतो?

पुढे मेहुण्याने मुलीची सगळी ऑपरेशने स्वतःच्या खर्चाने करवली, मोठ्या डॉक्टरांकडे, एकामागून एक. माझ्या पगारात त्यातले एकही झाले नसते. हेही लिहिले पाहिजे, म्हणून लिहितो. ती आज चालते. एका बुटाला जाड तळवा लागतो. पोहणे सुटले ते सुटलेच.

पत्नीने मला खरे सांगितले ते फार उशिरा, भाजी निवडता निवडता, वर न बघता. मी म्हणालो, "तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले असते तर दादाने ऑपरेशनं केली असती? तुम्हाला खरंही हवं होतं आणि पोरीचा पायही. मला एकच मिळत होतं."

हिशेब तिचा बरोबर होता. आजही आहे. म्हणूनच राग जात नाही.

कलम ५. माझी सर्व ठेव मुलीला. जगभर ती सांगत आली, की बाबांच्या चिक्कूपणाने पाय गेला. तिचा दोष नाही, तिला तसेच सांगितले गेले. कलम चार तिने शांतपणे वाचावे.

पुरवणी. सहीपूर्वी मुलीला मजकूर दाखवून घ्या, मागाहून वाद नको, असे वकिलांनी सुचवले. त्याप्रमाणे ती आज आली. याच टेबलाशी बसून तिने सगळे वाचले आणि कागद सरळ करून ठेवले.

"मला माहीत होतं, बाबा. माझ्या लग्नाआधीच आईने सांगितलं."

"मग लोकांना तसं का सांगत राहिलीस?"

तिने कागदांवर शब्दकोश ठेवला. मग म्हणाली, "मामावर रागावून कसं चाललं असतं? अजून एक ऑपरेशन बाकी होतं. नंतर सवय झाली. आणि तुम्ही कुठे जाणार होतात?"

आत पत्नीने नळ बंद केला. ती ऐकत असावी. बाहेर मात्र आली नाही.

मुलगी उठली. दारात बूट चढवताना, मान खाली घालूनच, म्हणाली, "माझ्या स्कूटरचं हँडल थरथरतंय. नवीन टायर घातल्यापासून. तुम्ही बघाल का?"

गाडीतले काही तिने मला विचारण्याची ही पहिलीच वेळ.

मी म्हणालो, "दुकानात ने. दहा मिनिटांत होतं."

"बरं," म्हणाली आणि गेली.

शब्द मागे घ्यायला मी उठलो, जिन्याच्या तोंडापर्यंत गेलो. खाली स्कूटर सुरू झाली. मग परत येऊन बसलो. वरील मजकुरात काहीही बदललेले नाही. साक्षीदारांना हाक मारली आणि त्यांच्यासमोर सही करीत आहे.

स्थळ: राहते घर, मधली खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, रविवार

(सही) मृत्युपत्र करणार, निवृत्त मुद्रितशोधक

आमच्यासमक्ष सही झाली. सही करताना ते पूर्ण शुद्धीत होते.

साक्षीदार १: (सही) शेजारचे चष्मेवाले. अंमलबजावणीही यांच्याकडेच.
साक्षीदार २: (सही) डॉक्टर, तळमजला