वरवंट्याला दुपटं का गुंडाळलं, याचा खुलासा

दादर, रविवार दुपार

चि. माधव यास इरावतीताईचे अनेक आशीर्वाद.

नूपुर आणि बाळ गिरगावात तिच्या माहेरी मजेत आहेत, कालच पाहून आलो. तू तिकडे बंगळुरात एकटा काय खातोस ते विचारत नाही, कारण उत्तर ऐकून आईला सल्ले सुचतील. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणतोस आणि माझा विषय संपतो. कागदाला ती सोय नाही.

तुझा निरोप मिळाला. शेजारच्या कमलताईंनी तुला फोन करून कळवलं, की आमच्या उघड्या दारातून त्यांना आई पाठमोरी दिसली. वरवंटा दुपट्यात गुंडाळून, त्याला कुंची घालून, छातीशी धरून ती त्याच्याशी बोलत होती म्हणे. त्यावर तू सुचवलंस, की आईला डॉक्टरांना दाखव, वरवंटा माळ्यावर टाक आणि बारशाला तिला खुर्चीतच बसव. खुर्चीचं तू आधीही म्हणाला होतास. सगळं तिथूनच सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगते.

नूपुरच्या डोहाळजेवणाला तिच्या माहेरच्या त्या मऊ, खोल सोफ्यात आई बसली ती बसलीच. ओटी भरायची वेळ आली तरी तिला वर येता येईना. शेवटी तू, नूपुरचे बाबा आणि जेवण वाढायला आलेला माणूस, अशा तिघांनी ओढून तिला काढलं (तो माणूस ‘मावशी, जोर लावा!’ असं ओरडत होता, जणू मावशी दुसरं काही करत होत्या). आई हसली. निघताना तू म्हणालास, ‘बारशाला तू खुर्चीत बस हं आई, बाळ आम्ही मांडीवर देऊ.’ प्रेमानेच म्हणालास. टॅक्सीत घर जवळ आल्यावर ती म्हणाली, ‘पाळण्याखालून माझं नातवंड मी घेणार. खुर्चीत बसायला मी काय सत्कारमूर्ती आहे?’

पुरुषमंडळी त्या वेळी पेढ्यांच्या आसपास असतात, म्हणून सांगते: पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहतात. आधी वरवंटा आणि मग बाळ, एकीने खालून द्यायचं, दुसरीने वाकून घ्यायचं, परत वरून द्यायचं. हा गुडघे, कंबर आणि दंड यांचा जाहीर पेपर असतो. आई बाहत्तर वर्षांची, वजन तिच्या इच्छेनुसार लिहीत नाही.

डॉक्टरांना मी तेव्हाच दाखवलं होतं. ते म्हणाले, गुडघे वयाला शोभतील असेच आहेत, मांड्यांत ताकद राहिलेली नाही. त्यांनी लालबागच्या आकांक्षाकडे पाठवलं. ही फिजिओथेरपिस्ट, आईच्या निम्म्या वयाची. पहिला धडा, हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं (बसणं आईला पहिल्याच दिवशी उत्तम जमलं). मग जेवण. अर्धं ताट भाजी हवी म्हटल्यावर आईने अर्धं ताट बटाट्याची भाजी घेतली. साखर बंद म्हटल्यावर गूळ सुरू केला. प्रथिनं वाढवा म्हटल्यावर शेंगदाण्याचे लाडू वळले. ‘काकू, तुम्ही वकील होतात का?’ आकांक्षाने विचारलं. ‘नाही, पोस्टात,’ आई म्हणाली. आता दोडका, मुगाची धिरडी, ताक आणि सकाळी एक उकडलेलं अंडं असं चालू आहे. अंडं देवघराचं दार लोटून खाते. देवांना माहीत असणारच, कमलताईंना नाही.

डंबेल्स मात्र तिने नाकारले. ते तिला खुळखुळ्यांसारखे दिसतात. त्याऐवजी तिने वरवंटा काढला. नुसता दगड हातातून निसटतो म्हणून दुपटं. कुंची, कारण त्याचं टक्कल बरं दिसत नव्हतं. आकांक्षाने उचलून पाहिला आणि चालेल म्हणाली. फक्त कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यांतून, आणि वजन छातीशी धरायचं. ‘अगं पोरी, दोन मुलं उचलून वाढवलीत मी,’ असं म्हणून आई कंबरेतून वाकली आणि तशीच राहिली. वरवंट्याला केलेला तो नमस्कार बराच वेळ चालला. त्यानंतर मात्र ऐकायला लागली. आता जमिनीवरून उचलते, उभी राहते, परत ठेवते. काटा फारसा हललेला नाही (त्याच्याशी तिचे संबंध औपचारिकच आहेत). पण परवा कमलताईंकडच्या सोफ्यावरून ती आपली आपण उठली आणि कोणी पाहिलं का म्हणून आजूबाजूला बघत राहिली. सगळ्याजणी नवा फ्रीज बघत होत्या. मी पाहिलं, पण माझं पाहणं ती धरत नाही.

गिरगावात गेलो की तुझ्या हुकुमाप्रमाणे बाळ तिच्या मांडीवर ठेवतात आणि लगेच उचलून घेतात. मग ती दोन्ही हात सोफ्याच्या कडेवर ठेवून बसते.

बोलण्याचं राहिलंच, पण पान संपत आलं. प्रकृतीस जप, रात्री भात कमी खा.

तुझी
इरावतीताई

ता. क. बारशाला खुर्ची नको. पाळण्यापाशी आई उभी राहील. हे तिला तू स्वतः फोन करून सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी तुझ्याकडे रदबदली केली (केली आहे, पण ते तुझ्या-माझ्यात).

ता. क. दुसरा. नूपुरच्या माहेरी मिक्सर आहे, वरवंटा नाही. आमचाच आणतो. कुंचीसकट.

ता. क. शेवटचा. व्यायाम करताना आई बोलत नाही, तेवढा दम उरत नाही. शिवाय कमलताईंनी पाहिलं त्या संध्याकाळी ती लालबागला गेली होती. पाठमोरी मी आईसारखी दिसते, हे मला तुझ्या निरोपावरून कळलं. पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला आत्या उभी राहणार, आणि कानात नाव तिनेच सांगायचं असतं ना. ते मला नीट म्हणता येतं का, एवढंच पाहत होते.