तारेआडचा अबोला

३० मार्च १९९२, सकाळी ९
घरी पोचलो. धुळं, देवपूर, आपली खोली, आपली खुर्ची. वरचा जबडा आणि खालचा जबडा तारेनं एकमेकांना बांधलेले. दहा दिवस झाले, अजून तेहतीस जायचे आहेत. दातांमधून थोडं बोलता येतं, पण डॉक्टरांनी मनाई केली आहे. खाणं नळीनं.
ऑपरेशन दिसण्यासाठी केलेलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. खालचा जबडा पुढे असल्यामुळे दात जुळत नव्हते. वैद्यकीय कारण. छत्तीस वर्षं जुळत नव्हते आणि यंदाच्या संक्रांतीनंतरच ते लक्षात आलं, हा निव्वळ योगायोग.
प्रमिलाला मुंबईला ट्रेनिंग आहे असं सांगून गेलो होतो. सरप्राइज. तिनं दार उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, चौकट धरून उभी राहिली आणि एक शब्द न बोलता आत गेली. कौतुकानं बायकोची वाचा बसली.

त्याच दिवशी, दुपारी ४
संक्रांतीचा प्रसंग लिहून ठेवणं भाग आहे, नाहीतर राग शिळा होतो.
स्थळ: सासर, शिंदखेड्याजवळ. मेव्हणी बेबी आणि तिचा नवरा धनसिंग, म्हणजे माझा साडू, यांच्या लग्नाची कॅसेट लावली होती. व्हीसीआर भाड्याचा. पंगतीत मी वरणात भिजवलेली बट्टी खातो आहे, चेहरा बाजूनं, हॅलोजनच्या उजेडात. जबडा सगळ्यात पुढे आला तिथे धनसिंगनं पॉज दाबलं. मग रिवाइंड करून परत पॉज. असं दोनदा. खोलीत बावीस माणसं होती. बावीसही हसली. सासरे लोटन आबा तर खोकला येईपर्यंत हसले. नावानिशी यादी केली आहे. बाविसावं नाव प्रमिला. तोंडात पदर कोंबला म्हणून कोणाचं हसणं लपत नाही.
सूड घेणार. मुख्य आरोपी धनसिंग. त्यानं सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागायची. यापेक्षा कमी काही चालणार नाही.

३१ मार्च
सुरुवात घरापासून. प्रमिलाशी अबोला धरला. पाटी-पेन्सिल आणली आहे, तिच्यावर सगळ्यांसाठी लिहीन, प्रमिलासाठी एक अक्षर लिहिणार नाही. तोंड बांधलेलं असताना अबोला धरणं सोपं आहे असं कोणाला वाटेल. तसं नाही. आतून धरावा लागतो.

२ एप्रिल
परिणाम दिसू लागला. प्रमिला माझ्याकडे बघून बोलतच नाही. आज मुगाचं पाणी आणलं, स्टुलावर ठेवलं आणि भिंतीकडे बघून म्हणाली, मुगाचं पाणी गाळून ठेवलंय म्हणावं, गरम आहे म्हणावं. खोलीत मी आणि कॅलेंडर. मन खायला लागलं की माणसाला नजर देता येत नाही.

४ एप्रिल, पाडवा
श्रीखंड दुधात पातळ करून दिलं. वेलदोडा नळीत अडकला. कडुलिंबाचा रस मात्र विनातक्रार गेला. नवीन वर्षाचा संकल्प: बावीसपैकी एकालाही सोडायचं नाही.

८ एप्रिल
मुंबईच्या डॉक्टरांनी तार कापायची पक्कड दिली आहे. उलटी झाली तर ताबडतोब तार कापायची, नाहीतर श्वास अडकेल. ती पक्कड मी टेबलावर ठेवली होती. प्रमिलानं ती कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. घरात चालते तेव्हा वाजत असते. अंघोळीला जाताना शेजारच्या कुंदाबाईंच्या हातात देऊन जाते आणि त्यांना माझ्यासमोर बसवते. कुंदाबाई म्हणाल्या, असं करणारी बायको आजकाल मिळत नाही. मी पाटीवर लिहिलं, अपराधी भावना. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही.

१२ एप्रिल
आबा आणि अक्का, म्हणजे सासूबाई, आले होते. मेव्हण्याचं, वनाचं, लग्न ठरलं. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर, ७ मे. मोठ्या जावयाला आमंत्रण द्यायला जातीनं आले.
मी दोघांशीही अबोला धरला. पाटी उलटी ठेवली, म्हणजे निषेध कळावा. अक्कांनी तिच्यावर चहाची कपबशी ठेवली. आबा दोन तास विहिरीवरच्या मोटारीबद्दल बोलले. निघताना माझ्या खांद्यावर थोपटून प्रमिलाला म्हणाले, "पाव्हना आते कसा गुनी व्हयना. मधमा तोंड घालस नही." लग्नाला चौदा वर्षं झाली, एवढं कौतुक पहिल्यांदा ऐकलं. यादीत त्यांच्या नावापुढे आणखी एक खूण केली.

१८ एप्रिल, संध्याकाळी ५
आरोपी स्वतः हजर. दोंडाईचाहून जीप घेऊन. मोटर रिवाइंडिंगचं दुकान बंद ठेवून आला म्हणे. बरोबर थर्मासमध्ये उसाचा रस, बर्फ न घातलेला, दोनदा गाळलेला.
मी तोंड फिरवून भिंतीकडे बसलो. त्याला वाटलं मी नवीन जबडा बाजूनं दाखवतो आहे. खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, एकदम हिरोवानी दिसी ऱ्हायनात." मी पाटीवर मोठ्या अक्षरात 'नको' लिहिलं आणि थर्मासकडे बोट केलं. त्याला वाटलं मी संकोच करतो. थर्मास ठेवून गेला.
रस पुरावा म्हणून थोडा चाखला. मग उरलेला टाकून द्यायचा ठरवला होता, पण थर्मास परत करायचा तर रिकामा करणं आलंच.

२२ एप्रिल
प्लॅन पक्का. सासरची रीत अशी की मोठ्या जावयानं पहिली बट्टी फोडल्याशिवाय पंगत हात लावत नाही. चौदा वर्षं हा मान माझा आहे, आणि चौदा वर्षांत मी तो सहा वेळा वापरला आहे. टोपी जुनी दिली म्हणून रुसलो, तेव्हा आबा स्वतः आले. जेवायला उशिरा बोलावलं म्हणून रुसलो, तेव्हा अक्का आल्या. मनधरणी झाल्याशिवाय मी कधी उठलेलो नाही.
७ मेला तीनशे माणसांची पंगत. मी हात मांडीवर ठेवून बसणार. वरण निवणार. आबा येतील, अक्का येतील, शेवटी मूळ कारण धनसिंग येईल. तो हात जोडेल. मग मी बोलेन. भाषण लिहायला घेतलं आहे.

२७ एप्रिल
भाषण चार पानं झालं, फुलस्केप. कारणे दाखवा नोटिशीच्या धर्तीवर. विषय, संदर्भ, मग मजकूर. मिटल्या दातांनी मनात म्हणून बघितलं, अकरा मिनिटं लागतात.
वजन नऊ किलो कमी. पँटला दोरी बांधली आहे. प्रमिलानं भिंतीला सांगितलं, पँट आत घ्यायला टाकली आहे म्हणावं. महिना होत आला, अबोला अभंग. दोन खोल्यांत एक शब्द होत नाही. माझ्या इच्छाशक्तीचं मलाच आश्चर्य वाटतं.

२ मे
तार निघाली. इथल्याच दातांच्या डॉक्टरांनी मुंबईच्या चिठ्ठीप्रमाणे काढली. तोंड एक बोट उघडतं. महिन्याभरात वाढेल, तोवर मऊ खा, थोडं थोडं बोला, म्हणाले. आत्ता काहीतरी बोलून दाखवा. मी म्हणालो, उखर्डू तोताराम पाटील, वरिष्ठ लिपिक, आवक-जावक शाखा. आवाज थोडा बोबडा, पण हुद्दा स्पष्ट आला.
बाहेर प्रमिला उभी होती. माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग कंपाउंडरला म्हणाली, एकदा बोलून दाखवा म्हणावं.
मी बोललो नाही. इतके दिवस माझा अबोला तारेआड झाकला गेला होता. आता तोंड उघडं आहे, आता गप्प बसणं हे गप्प बसणं ठरेल.

३ मे
दिवसभर चकार शब्द नाही. प्रमिलानं चार वेळा बॅटरी आणून माझ्या घशात बघितलं. एका बोटाच्या फटीतून काय दिसणार? संध्याकाळी एकवीरादेवीला जाऊन आली, नवस बोलली असं कुंदाबाईंकडून कळलं. टरकली आहे. शरण येते आहे.

५ मे, आखाजी
प्रमिला कालच माहेरी गेली. आता गरज नसताना पक्कडही घेऊन गेली. मी आमरस प्यायलो, एकटाच, वाटीनं. भाषण पाठ.

८ मे, सकाळी ११, सासरी
कालची हकिकत जशी घडली तशी लिहितो.
पंगत बसली. वरण, बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, वर तुपाची धार. दीड महिना नळीनं जगलेल्या माणसासमोर. मी हात मांडीवर ठेवले. वाढपी थांबले. पंगत थांबली. आबा आले, म्हणाले जेवा. मी गप्प. अक्का आल्या. मी गप्प. सगळं प्लॅनप्रमाणे.
तेवढ्यात प्रमिला पंगतीच्या मधून धावत आली आणि रडत म्हणाली, तार निघाल्यापासून यांना एक शब्द बोलता आलेला नाही. अक्कांनी गळा काढला. धनसिंग हातातली तुपाची किटली टाकून ओरडला, "वाचा गई यास्नी. जीप काढस मी." मी मान हलवली, ती त्यांना झटका वाटली. दोघा वाढप्यांनी काखेत हात घालून मला उचललं. जाताजाता धनसिंगनं आबांना सांगितलं, भाऊंसाठी पंगत खोळंबायला नको, माझ्या हातानं फोडतो. आणि माझ्या पत्रावळीवरची बट्टी फोडली. तीनशे माणसं जेवायला लागली. हे मी जीपमध्ये बसवला जात असताना बघितलं.
प्रमिला अक्कांना सावरायला मागे राहिली, जीपमध्ये मी आणि धनसिंग. धुळ्यापर्यंत तो एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं माझा हात धरून होता. डॉक्टरांनी दुपारची झोप सोडून तपासलं. म्हणाले, सगळं ठीक आहे, त्या दिवशी तर नाव, हुद्दा, शाखा सगळं सांगितलंत.
धनसिंग माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "रुसेल शेतस का तुम्ही?"
परत येताना त्यानं पांझरेच्या पुलाअलीकडे जीप उभी केली आणि विचारलं, कशावर. चार पानं पाठ होती. तोंडातून एवढंच आलं: संक्रांत. पॉज.
त्याला आठवायला वेळ लागला. आठवलं तसा खाली उतरला, माझ्या बाजूला आला, हात जोडले आणि म्हणाला, "हसनू व्हतू, भाऊ. चुकनं मन्हं." साक्षीला पाण्यात बसलेल्या म्हशी. वर विचारतो, हेच सगळ्यांसमोर म्हणू का? मी नको म्हणालो. का म्हणालो ते कळत नाही. पोटात अन्न नव्हतं, त्याचा परिणाम असावा.
गावी पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठली होती. धनसिंगनं सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, आवाज आला. मला बोलून दाखवायला लावलं. मी हुद्दा सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुसलो होतो हे त्यानं कोणालाही सांगितलं नाही, बेबीलासुद्धा. म्हणजे आता मी त्याचा मिंधा. सूड घ्यायला गेलो आणि हे घेऊन आलो.
बट्टी वरणात कुस्करून अक्कांनी दिली. चार वाट्या खाल्ल्या.

९ मे, देवपूर
धनसिंगनं जीपनं घरी सोडलं. मी प्रमिलाला समोर बोलावलं आणि मोठ्या मनानं सांगितलं: चाळीस दिवस मी तुझ्याशी अबोला धरला होता. पॉजच्या वेळी हसलीस म्हणून. आज सोडतो. बावीसपैकी तुला पहिली माफी.
ती म्हणाली, कसला अबोला?
मी तारखा सांगितल्या. पाटीवर तिच्यासाठी एक अक्षर लिहिलं नव्हतं, तेही सांगितलं. ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, अबोला माझा होता. तीस मार्चपासून. तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हापासून. भिंतीशी बोलत होते ते कशामुळे वाटलं तुम्हाला?
मी म्हणालो, पश्चात्ताप.
ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, त्या दिवशी हसू आलं म्हणून हसले, माझ्या माणसाला हसले, का हसलीस ते तुम्ही एकदा तरी विचारायचं. बघायला आलात तेव्हा सगळे म्हणत होते जबडा कसा आहे बघ. मग माहेरच्या भाषेत म्हणाली, "मी ते तोंड देखीसनच हा म्हनेल व्हतं. माले न इचारता बदली उनात."
एवढं बोलून आत गेली. ते जुनं तोंड बघूनच तिनं होकार दिला होता, हे चौदा वर्षांत पहिल्यांदा कळलं. मी आरशासमोर उभा राहिलो. दात जुळतात. वैद्यकीयदृष्ट्या उत्तम.

१० मे
बावीस नावांची यादी चुलीत घातली. भाषण ठेवलं आहे, पाठकोरे कागद आहेत.
प्रमिला सकाळी भिंतीला म्हणाली, पोळी दुधात कुस्करून ठेवली आहे म्हणावं. मी म्हणालो, प्रमिला. तिनं कॅलेंडरकडे बघितलं. मी परत म्हणालो. ती कपडे वाळत घालायला गेली.
मनधरणी कशी करतात हे मला माहीत नाही. चौदा वर्षं ती माझीच होत आली. धनसिंगला विचारावं लागेल.